पाळण्यावरचं पांढरं

आमच्या घरमालकीणबाई लाकडाला गाल लावायच्या. हात नाही, गाल. टेबल असो, कपाटाचं दार असो, देव्हाऱ्याची चौकट असो. चष्मा काढून पदरात धरायच्या, डोळे मिटायच्या आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा गाल लाकडावर टेकवून उभ्या राहायच्या. मी जव्हारला खोली बघायला गेले तेव्हा त्या अशाच एका शोकेसला बिलगून उभ्या होत्या. मला वाटलं, बाईंना भोवळ आली. धावत जाऊन मी त्यांना मागून धरलं. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "भाडेकरू का? लायटीचं बिल वेगळं पडेल."

तेव्हा मी चाळिशीची होते आणि मला सगळं कळत होतं. आता नातवंडं मला फोनवर फोटो कसा पाठवायचा ते शिकवतात आणि तो भलत्यालाच जातो. पण तेव्हाच्या त्या बाईइतकी अडाणी मी आजही नाही. विज्ञानाची शिक्षिका, बदली होऊन आलेली, उन्हाळ्यातही पर्समध्ये छत्री आणि कुणी विचारो न विचारो, प्रत्येक गोष्टीचं कारण जिभेवर तयार. दुसऱ्याच दिवशी मी घरमालकिणीला सांगितलं की गालापेक्षा मनगटाची आतली बाजू जास्त संवेदनशील असते. त्या म्हणाल्या, "असेल. पण मनगटाला ऐकू येत नाही."

गालाला येतं का, हे विचारायचं मला सुचलं नाही. ते तीन दिवसांनी जिन्यात सुचलं.

सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची. कोणाच्या मामी, ते गल्लीत कोणालाच सांगता येत नसे. रस्त्याकडच्या पडवीत त्यांचं पॉलिशचं काम चाले, मागे त्या राहत, वर मी. मामा सुतार होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मामींनी करवती-रंधे देऊन टाकले आणि पॉलिश तेवढं ठेवलं. तेही रंगाचं नाही. लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापडाचा बोळा त्यात भिजवून लाकडावर हात फिरवत राहायचं, फिरवत राहायचं, की काचेखाली ठेवल्यासारख्या सागाच्या रेषा दिसायला लागतात, ते पॉलिश.

पण जव्हारची हवा. इथे पावसाळ्यात ढग आभाळात थोडे आणि घरात जास्त असतात. दार उघडं राहिलं की आत येऊन खाटेवर बसतात. असल्या ओल्या हवेत पॉलिश वाळलं की त्याच्यावर साय धरल्यासारखं पांढुरकं येतं. खाली लाकूड आहे हे माहीत असतं, दिसत नाही. मामी त्याला नुसतं ‘पांढरं’ म्हणायच्या. पांढरं धरलंय, पांढरं बसलंय, पांढरं आतून आलंय. मोखाड्या-विक्रमगडपासून लोक पांढरं पडलेलं सामान टेम्पोत घालून त्यांच्याकडे आणत. पांढरं काढण्यात आपल्यासारखी बाई मुंबईतही नाही, असं मामी स्वतःच सांगत. मुंबईला त्या एकदाच गेल्या होत्या, दाताच्या डॉक्टरकडे.

काम सुरू करायचं की नाही, हे पापड ठरवायचा. नागलीचा, न भाजलेला. पडवीत खिळ्याला टांगलेला असे. सकाळी उठून मामी त्याचा कोपरा मोडून बघत. कट्‌कन तुटला तर काम, वाकला तर सुट्टी. जुलैत तो पापड ओल्या रुमालासारखा लोंबायचा आणि मामी दिवसभर एकट्याच पत्ते खेळायच्या, आणि त्यातही हरायच्या.

एका कारकुनाला मेहुणे यायच्या आत सोफ्याचे हात चकचकीत हवे होते आणि पापड काही तुटेना. त्याने घरच्या डब्यातला कडक पापड शर्टाच्या खिशातून आणला आणि मामींची पाठ वळल्यावर खिळ्याला टांगला. तो तुटला. मामी कामाला लागल्या. दुपारी सोफा दह्यासारखा झाला. मामींनी कारकुनाला बोलावून त्याच सोफ्यावर बसवलं, उरलेला पापड भाजला आणि बशीत घालून पुढे केला. "खा. माझ्या पापडात तीळ नसतात, हे आधी बघायला हवं होतं. मीपण आणि तुम्हीपण."

माझीही फजिती झालीच. मी हौसेने टेबल घेतलं होतं, त्यावर गॅसवरून उतरवलेला कुकर ठेवला आणि खाली पांढरी गोल टिकली उठली. मामींना न सांगता आपणच काढू म्हटलं. आधी ओल्या फडक्याने पुसलं. मग टूथपेस्ट लावली, ते कुठेतरी वाचलं होतं. टूथपेस्टने काही होईना म्हणून लिंबू चोळलं. लिंबाचं चिकट घालवायला मीठ. संध्याकाळी टेबलावर खळ्यासकट पौर्णिमा उगवलेली होती.

मामी वर आल्या, बोट फिरवून चाटलं. "बाई, हे टेबल आहे का भेळ?"

मग त्यांनी बोळ्यावर स्पिरिटचे थेंब टाकले, बोळा मुठीत दाबून जवळजवळ कोरडा केला आणि टेबलावरून असा नेला की टेकला म्हणावं तर टेकला नाही. चिमणी अंगणात उतरते न उतरते तोच उडते, तसा. थांबला असता तर पॉलिशच निघून आलं असतं. चार-पाच वेळा चिमणी उतरली आणि पौर्णिमा मावळली. मी लगेच मनात नियम पक्का केला: पांढरं पडलं की स्पिरिट.

पुढच्या आठवड्यात एक देव्हारा आला. मी शहाणपणाने स्पिरिटची बाटली पुढे केली. मामींनी ती बाजूला सारली, देव्हाऱ्यावर जाड कापड टाकलं आणि वरून कोमट इस्त्री फिरवली. त्यानंतरच्या कपाटाला खोबरेल आणि चाळलेली राख. त्यानंतरच्या दाराला काचपेपर, पार लाकडापर्यंत. आणि एका खुर्चीला काहीच नाही. "राहू दे कोपऱ्यात. पाडव्यापर्यंत जाईल." आणि ते गेलं.

"मामी, पण नक्की नियम काय?"

"हे वरचं होतं. ते आतलं होतं."

"आणि खुर्चीचं?"

"ते रागाचं होतं. भांडून आल्यावर पॉलिश केलं होतं ना."

"कोणी?"

"मीच. तुमच्याशीच भांडले होते, पाण्याच्या मोटरवरून."

यात विज्ञान कुठे संपत होतं आणि मामी कुठे सुरू होत होत्या, ते मला तेव्हा कळलं नाही. आजही विचाराल तर शपथेवर सांगू शकणार नाही.

या सगळ्यापेक्षा गल्लीत चर्चा असायची ती मामींच्या पाळण्याची. मामांनी केलेला, सागवानी, कातलेल्या दांड्यांचा, आणि पॉलिश असं की बाळाला आपलं तोंड दिसावं. ज्यांच्या घरी बाळ येई त्यांना मामी तो देत, फुकट. अट एकच: बाळ पालथं पडायला लागलं की पाळणा परत. पालथं पडणारं बाळ पाळण्यातून बाहेर यायला बघतं, म्हणून.

पाळणा परत यायचा तेव्हा ठिकठिकाणी पांढरा पडलेला असायचा, आणि मग खरी गंमत. मामी चष्मा काढून, गाल लावून, पाळणा घेऊन आलेल्या माणसाच्या तोंडावर त्याचं घर वाचून दाखवायच्या. डोक्याकडे तेलाचं धूसर आहे, म्हणजे मालीश आजी करते, हात सढळ आहे. पायाकडे ओल बसलीय, म्हणजे दुपटं वेळेवर बदलत नाही. खालच्या पट्टीला शेकशेगडीच्या वाफेचा ढग आहे, म्हणजे बाळंतिणीला वेगळी खोली दिलेली नाही. हे पडवीत, रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात. भाजीवालीसुद्धा पाटी खाली ठेवून ऐकायची.

बरोबर असायचं का? काय सांगू. एका बँकेतल्या साहेबांच्या आईला मामींनी ऐकवलं, "तुमच्याकडे पाळण्याच्या कठड्यावर चहाचे कप ठेवतात." ती बाई इतकी भडकली की त्या घराने मामींशी बोलणं टाकलं. पुढे त्यांच्या थोरल्या सुनेने मला सांगितलं, कप नाही हो, गरम पाण्याची पिशवी होती. मग धाकटीने सांगितलं, पिशवी कसली, कपच होते, आणि ते थोरलीचे होते.

पाळणा मुळात कोणासाठी केला, याच्याही मामींकडे बऱ्याच गोष्टी होत्या. कधी एका शेटजींनी सांगितला होता आणि ते न्यायला आलेच नाहीत. कधी मामांनी पैज मारून केला होता. एकदा बोलता बोलता म्हणाल्या, "घरच्यासाठीच केला होता." मी विचारलं, "घरच्या म्हणजे कोणासाठी?" तर म्हणाल्या, "बाई, वर तुमचं दूध उतू जातंय." मी धावत वर गेले. गॅसवर काही नव्हतं.

इतकं होऊनही मला काही कळलं नाही. मी परत खाली येऊन सांगितलं, "मामी, तुम्हाला भास झाला."

मामींच्या मागच्या लहान खोलीत वनिता राहायची. वावर गावाच्या पलीकडच्या एका पाड्यातली मुलगी, जव्हारात कापडाच्या दुकानात कामाला. संध्याकाळी दुकानातून आली की पडवीत पायरीवर बसून मामींचे हात बघायची. बोलायची कमी. तिचं लग्न त्याच बाजूच्या दुसऱ्या पाड्यात झालं, आणि बाळंतपणाला ती पुन्हा जव्हारात आली, दवाखान्यात. मुलगी झाली. अगदी बारीक. मामी आणि मी बघायला गेलो तर दुपट्यात दुपटंच जास्त होतं. नर्सने वनिताला बजावलं होतं, अंगावरचं पाजत राहा, उबेत ठेव, वजनाला आणत जा.

वावर, वांगणी ही नावं माझ्या पिढीने जव्हार बघायच्या आधी पेपरात वाचली होती, दगावलेल्या बाळांच्या आकड्यांसकट. त्याबद्दल जव्हारात कोणी तोंडाने बोलत नाही. पण तिकडे बारीक बाळ निघालं की बघणाऱ्याचं बोलणं आपोआप हळू होतं. आमचंही झालं.

घरी जायच्या दिवशी मामींनी जीपच्या टपावर पाळणा चढवला.

वनिता म्हणाली, "मामी, आमच्यात झोळी बांधतात. पाळणा नाय लागत."

"झोळी असू दे. पाळणाही असू दे. पालथी पडली की परत पाठव."

आणि दीड महिना व्हायच्या आत, बाजाराच्या दिवशी, पाळणा परत आला. दीड महिन्याचं पोर पालथं पडत नाही. वनिताचा नवरा तो घेऊन आला. मुळात लाजाळू, त्यात जीपवाला हॉर्न वाजवतोय. पाळणा पडवीत ठेवला, जमिनीकडे बघत म्हणाला, "आई म्हणली, देऊन ये."

"बाळ कसं आहे?"

"बरं हाय," तो म्हणाला, आणि जीपमध्ये बसून गेलासुद्धा.

मामींनी चष्मा काढला. डोक्याकडे गाल लावला. पायाकडे लावला. खाली बसून खालच्या पट्टीला लावला. मी वाट बघत होते, आता काय वाचतात. त्या उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"काहीच नाही, बाई."

"म्हणजे चांगलंच ना. स्वच्छ ठेवलाय."

"स्वच्छ घरातलं पोर मुतत नाही का? तेल नाही, ओल नाही, वाफ नाही. दिला तसा परत आलाय. यात कोणी झोपलेलंच नाही."

मग मीही शोध लावायला बसले. मामींना पांढरं दिसेना, तर मी वास घेतला. आणि मला वास आला. दांडीच्या खाचेतून मोहाच्या दारूचा, स्पष्ट. झालं. माझ्या डोक्यात पूर्ण गोष्ट तयार झाली: नवरा पितो, घरात भाकरीची मारामार, वनिताच्या अंगावर दूध नाही, आणि पोरगी... पोरगीपाशी आले की मी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

फोन लावले. वनिताच्या पाड्यावर रेंज नसायची, नवऱ्याचा बंद. दवाखान्यात विचारलं तर नर्स बदलून गेलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी म्हणाल्या, "चला." आणि पाळणा पुन्हा जीपच्या टपावर चढला. मी म्हटलं, पाळणा कशाला? तर म्हणाल्या, "रिकाम्या हाताने गेलो तर काय म्हणून गेलो म्हणायचं? म्हणू, खालची पट्टी ढिली होती, ठोकून आणली."

जीपमध्ये मी काय करत होते ते सांगायला हवं. मी मनातल्या मनात कलेक्टरसाहेबांना अर्ज लिहीत होते. ‘महोदय’पासून ‘आपली नम्र’पर्यंत. मध्ये एक-दोन वाक्यं फारच छान जमली म्हणून परत म्हणून बघितली. मांडीवर पिशवी, त्यात ग्लुकोजची पुडी, बिस्किटं आणि तापाच्या गोळ्या. वनिताच्या सासूला काय सुनवायचं तेही ठरलं होतं, तिसऱ्या मुद्द्याला आवाज चढवायचा होता.

मामी खिडकीबाहेर बघत होत्या. वावरच्या अलीकडच्या उतारावर, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "माझ्याकडे तो एकदाही पांढरा झाला नव्हता."

मला आधी वाटलं, पॉलिशबद्दल बोलतायत. मी म्हटलं, "हो ना, तुमचा हात कसा आहे." जीप दोन वळणं पुढे गेली आणि मग मला त्यांचं ‘घरच्यासाठीच केला होता’ आठवलं. मग मी पिशवीतल्या बिस्किटांच्या पुड्याकडे बघत बसले. त्यानंतर मामींनी मला कुठे दूध उतू जातंय म्हणून पाठवलं नाही, कारण जीपमधून जायला जागा नव्हती.

जीप थांबते तिथून पाड्यापर्यंत चालायचं होतं. पाळणा दोघींनी दोन टोकांना धरला. वाटेतले लोक थांबून बघत. दोन बाया, एक म्हातारी, एक पर्सवाली, आणि मध्ये रिकामा पाळणा. एकाने विचारलंसुद्धा, "कोणाकडं?" नाव सांगितलं तर तो नुसता ‘हां’ म्हणाला. त्या ‘हां’चा अर्थ लावत मी पुढचा चढ चढले.

दारात वनिताची सासू सुपात धान्य पाखडत होती. पाळणा बघितल्याबरोबर तिचं सूप थांबलं.

"परत का आणला? आमी कायबी नाय केलं त्याला. हुता तसा दिला."

"पोरगी कुठंय?" मामी म्हणाल्या.

"पुसून, घासून दिला. एक वरखडा नाय. बघा ना तुमी."

"पाळण्याचं सोडा. पोरगी कुठंय?"

"घरात नाय."

मामींनी पाळण्याचं टोक सोडलं. सगळा भार माझ्याकडे आला आणि मी खालीच बसले. मामी चपलांसकट आत गेल्या. आत अंधार होता. आढ्याला लुगड्याची झोळी बांधलेली. मामींनी झोळीत हात घातला आणि तो तसाच ठेवला. मी दारातून बघत होते. माझे तिन्ही मुद्दे कुठे गेले कुणास ठाऊक. अर्जातला ‘महोदय’सुद्धा आठवेना.

मामींनी वळून विचारलं, आवाज अगदी बारीक, "कधी?"

"सकाळीच," सासू म्हणाली. "सुई द्यायची हुती ना. नर्सबाई आलीय अंगणवाडीत. तुमी बसा तं खरं. अशा काय करता?"

आणि तेवढ्यात रडणं ऐकू आलं. पाड्याच्या खालच्या अंगाने, चांगलं खणखणीत, सुईवर आणि नर्सवर आणि सगळ्या जगावर रागावलेलं. वनिता चढ चढून येत होती, आणि तिच्या खांद्याशी ती. गालाला गाल आलेले. मांडीला वळी पडलेली. मामी झोळीपाशीच उभ्या राहिल्या, पुढे आल्या नाहीत. वनिताने आम्हाला बघितलं, पाळण्याला बघितलं, माझ्या पिशवीतल्या ग्लुकोजकडे बघितलं.

"बाई, कोण आजारी हाय?"

मग कोरा चहा झाला आणि हळूहळू उलगडा. पोरगी पाळण्यातच झोपायची. दिवसा पाळणा, रात्री आईजवळ, आणि फारच किरकिर केली तर झोळी. एकाच खोलीत चूल, शेगडी, तेल, धुरी. पंधरा दिवसांतच पाळणा जागोजाग पांढरा पडला. सासूची झोप उडाली. लोकाची वस्तू, जव्हारची, राजाच्या घरची दिसते, आणि आपल्या घरात तिला कोड फुटलं. "म्हटलं, दे बाई परत, अजून खराब व्हायच्या आत."

"मग पुसला कोणी?" मामींनी विचारलं.

"मी," वनिता म्हणाली. "तुमचं बघितलं हुतं ना. स्पिरिट कुठं मिळायचं इथं? सासऱ्यांची पहिल्या धारेची बाटली हुती, मोहाची. तिचा बोळा केला."

"आणि?"

"आणखीच पांढरा झाला. सासरे चार दिवस बोललं नाय माझ्याशी."

"होणारच. पाणी असतं तिच्यात," मामी म्हणाल्या. "म्हणून तर सासरा जिवंत आहे तुझा."

कोपऱ्यात बसलेला सासरा हसला. तो तिथे आहे हे आम्हाला तेव्हा कळलं.

"मग चुलीतली राख चाळली फडक्यातून. खोबरेल घेतलं. उन्हात बसून घासत राहिले, पोरगी निजली की घासायची. आठ दिवस लागलं."

मामींनी पाळणा उजेडात ओढला आणि पुन्हा नीट बघितला. हात फिरवला. मला वाटलं, आता शाबासकी. मामींच्या तोंडून निघणारी पहिली शाबासकी ऐकायला मी सरसावून बसले.

"इतकं कशाला करायचं?" त्या म्हणाल्या. आवाजात राग होता. "तसाच पाठवायचा. मी काढलं असतं. काय झालंय, कसं आहे, मला कळलं असतं तरी. आम्ही इथे काय काय मनात घेऊन आलो, तुला माहितेय का?"

वनिता पोरीला थोपटत होती. ती मामींशी अशी कधी बोलली नव्हती, म्हणून मला ते अजून आठवतं.

"तुमी डागावरून घर सांगता, मामी. मोठ्यानं. भाजीवाली बी ऐकती. शेगडी कुठं, चूल कुठं, कोण उठतं, कोण नाय उठत. मी पायरीवर बसून ऐकलंय ना लोकांची घरं. माझ्या सासूचं घर नव्हतं सांगायचं मला कोणाला."

सासूला यातलं किती कळलं कोण जाणे. तिने आमच्या पुढ्यातले कप उचलले, पुन्हा ठेवले.

मी मामींना पत्त्यांत हरताना बघितलं होतं, भांडणात नाही. त्यांनी हात पुढे केले. वनिताने पोरगी त्यांच्याकडे दिली. मामींनी तिला पाळण्यात ठेवलं नाही, मांडीवरच घेतलं, आणि तिने मामींची चांगली साडी लगेच भिजवली. सासू धावली. मामी म्हणाल्या, "असू दे, असू दे."

निघताना मी सवयीने पाळण्याचं माझं टोक उचललं. मामी म्हणाल्या, "ठेवा खाली." मग वनिताला म्हणाल्या, "हा इथेच राहू दे. तुझी पालथी पडली की शेजारी दे, मग त्याच्या शेजारी. जव्हारला आणू नको."

"पांढरा पडेल, मामी."

"पडू दे. पुसायचं नाही. आणि मी बघायला येणार नाही."

जीपमध्ये मी विचारलं, "मग तुम्ही काय देणार लोकांना?" मामी म्हणाल्या, "आता कोण मागतंय? सगळे नायलॉनच्या जाळीचे आणतात ठाण्याहून." हे मला माहीतच नव्हतं. वनिताच्या आधी वर्षभर पाळणा कोणी नेला नव्हता, हेही तेव्हाच कळलं. मी रोज त्याच्या शेजारून शाळेत जात होते.

त्यानंतर गल्लीत मामींनी कोणाचं घर वाचून दाखवलं नाही. सामान यायचं, गाल लागायचा, ओठ हलायचे, पण आवाज नाही. भाजीवाली थोडे दिवस पाटी खाली ठेवून बघायची, मग तिनेही नाद सोडला. मामी सुधारल्या, की दुखावल्या, की आता मनातल्या मनात जास्तच वाचायला लागल्या, मला सांगता येणार नाही. मी निवृत्त होऊन जव्हार सोडलं, त्यानंतर दोन पावसाळ्यांनी त्या गेल्या.

मागच्या वर्षी वनिताने बोलावलं म्हणून त्या पाड्यावर गेले. ती बारीक पोरगी आता आठवीत आहे आणि आईला उलट उत्तरं देते. पाळणा कुठे आहे विचारलं तर वनिताने शेजारच्या शेजारच्या घरात नेलं. कोणाची तरी सून, मी तिला ओळखत नव्हते, तीही मला नाही. पाळण्यात बाळ झोपलेलं. आणि पाळणा इतका पांढरा की सागाचा आहे, की चुन्याने सारवलाय, सांगणं कठीण. एक रेष दिसेल तर शपथ.

आता मी म्हातारी, पण खोड जाते का? स्पिरिटची लहान बाटली मी घरूनच नेली होती. सुती फडकंही होतं. म्हटलं, कठड्याचा एवढासा तुकडा तरी उजळून दाखवावा, या लोकांना कळू दे खाली काय आहे ते. बोळा मुठीत दाबून कोरडा केला, चिमणी उतरवणार, तोच त्या सुनेने माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट.

"पुसायचं नाय, बाई."

"का गं?"

"नसतं पुसायचं."

"पण का?"

ती दारातल्या म्हातारीकडे वळली. म्हातारी म्हणाली, नजर लागत नाही. पलीकडून एक पुरुष म्हणाला, तसं नाय, पुसला तर पोराला सर्दी हुती. वनिताच्या पोरीने दोघांनाही वेड्यात काढलं आणि तिसरंच काहीतरी सांगितलं, शाळेच्या भाषेत. वनिताकडे बघितलं तर ती छपराकडे बघत होती.

"पण ही रीत काढली कोणी?" मी विचारलं.

"आमाला काय ठावं," ती सून म्हणाली, माझं मनगट न सोडता. "तुमच्या जव्हाराकडूनच आली म्हणतात."

मी बाटलीचं बूच लावलं.